समुपदेशनातील पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी



मागच्या सत्रात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे एका अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक घेऊन आली. कॅम्पस मुलाखतीत तिला सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी मिळाली होती. पण गेली दोन वर्षे ती महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात स्वयंसेवक म्हणून बसत होती, आणि आता तिला त्याच क्षेत्रात जायचे होते. पत्रकावर 'क्लिनिकल' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता, खाली हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे होती. तिने विचारले, "सर, नोकरी न घेता ही दोन वर्षे केली, तर मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होईन ना?"

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. मानसशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही हे टिपण मी लिहितो आहे, कारण सुमारे दहा वर्षांपूर्वी जवळजवळ हाच प्रश्न दुसऱ्या एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि मी दोन मिनिटांत उत्तर दिले होते : "दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. कर, सोबत समुपदेशनाची एखादी पदविका घे, नोकरीही चालू राहील." तिने तसेच केले. मन लावून केले. नंतर एका रुग्णालयाच्या जाहिरातीत तिला पहिली अट दिसली ती आरसीआय नोंदणीची. ती तिच्याकडे नव्हती, आणि तिने जे केले होते त्यातून ती मिळणारही नव्हती. मग तिने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचे छोटे केंद्र सुरू केले.

एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. समोर बसलेल्या मुलाने जगण्यात अर्थ नसल्याचे सांगितले होते आणि पुढे काय करायचे हे तिला सुचत नव्हते. तिने पुस्तके वाचली होती, परीक्षा दिल्या होत्या. पण अनुभवी माणसाच्या नजरेखाली एकदाही कुणासमोर बसली नव्हती. मलाही काही कळत नव्हते. मुलाच्या मोठ्या भावाला बोलावले, तो येईपर्यंत त्याला एकटे सोडले नाही, आणि त्याला रुग्णालयात नेले. तो मुलगा आज ठीक आहे. त्या रात्री मात्र माझ्या दोन मिनिटांच्या सल्ल्याची किंमत मला कळली. त्यानंतर या विषयातले नियम आणि अभ्यासक्रम मी नीट वाचले. जे समजले ते पुढे मांडतो.

आधी शब्द

मी मूळचा बेळगावचा, आता म्हैसूरच्या कुवेंपुनगरमध्ये राहतो. संध्याकाळी फिरायला निघालो की दवाखाने, शिकवणी वर्ग आणि योगकेंद्रे यांच्या पाट्यांमध्ये अधूनमधून एक कन्नड पाटी दिसते : 'आप्त समालोचने'. कन्नडमध्ये समुपदेशनाला हाच शब्द आहे. मराठी माणसाला आधी हसू येते. आपल्याकडे समालोचन म्हणजे क्रिकेटचे धावते वर्णन, आणि आप्त म्हणजे लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट. पण विचार केला तर शब्द नेमका आहे : आपला वाटावा अशा माणसाबरोबर बसून आपल्या स्थितीकडे नीट पाहणे.

आपला 'समुपदेशन' हा शब्द रुळलेला आहे, पण त्याच्या पोटात 'उपदेश' बसला आहे आणि तोच घोटाळा करतो. समुपदेशक म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा, असे आपण धरून चालतो. "मला लोक मन मोकळे करून सांगतात, मी चांगला सल्ला देतो, म्हणून मला हे क्षेत्र आवडेल," असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा मी त्यांना थांबवतो. या शिक्षणाचा मोठा भाग सल्ला न देण्याच्या सरावात जातो. ऐकणे, शांतता सहन करणे, योग्य प्रश्न विचारणे, धोका ओळखणे, नोंदी ठेवणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे प्रकरण वेळेवर दुसऱ्याकडे पाठवणे या साऱ्या शिकाव्या लागणाऱ्या गोष्टी आहेत.

कायद्याच्या लेखी कोण कोण

आता तुमच्या पैशांशी आणि वर्षांशी थेट संबंध असलेला भाग.

आपल्या देशात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. या क्षेत्रात कोणाला व्यावसायिक मानायचे हे तो सांगतो. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, हा पहिला. त्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिक सोशल वर्कर आणि मानसिक आरोग्य परिचारिका आहेत. यांची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. आयुष आणि होमिओपॅथीतील मनोविकारविषयक पदव्युत्तर पदवीधरांनाही कायद्याने यादीत घेतले आहे. 'समुपदेशक' हा शब्द मात्र या यादीत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या कायद्यात स्पष्ट आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त अर्हता हवी. किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. हवा, ज्यात देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे आणि ज्याला आरसीआयची मान्यता आहे. आरसीआयचा स्वतःचा कायदा १९९२ चा आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणे हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कायद्यातल्या पुनर्वसन व्यावसायिकांमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतो. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण मुद्दा रकमेचा नाही.

म्हणजे चित्र असे आहे. एका दारावर कडक पहारा आहे आणि आत जागा थोड्या आहेत. शेजारच्या दारावर आजवर पहाराच नव्हता : दोन वर्षांची एम.एस्सी. केलेलाही समुपदेशक, आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून प्रमाणपत्र घेतलेलाही समुपदेशक. पाटीवर दोघांची अक्षरे सारखीच दिसतात.

हे दुसरे दार आता हळूहळू बंदिस्त होते आहे. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत 'वर्तन आरोग्यविज्ञान' असा एक गट आहे. आरसीआयच्या कक्षेत येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते हे सारे त्यात आहेत. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. तुम्ही आज प्रथम वर्षाला असाल, तर तुमचे पदव्युत्तर शिक्षण संपेपर्यंत 'समुपदेशक' या शब्दालाही नोंदणीची अट लागलेली असू शकते. तेव्हा आजची पळवाट पाहून अभ्यासक्रम निवडू नका.

याचा पहिला ठळक परिणाम २०२५ मध्ये दिसला. या कायद्याच्या कक्षेतील विषय, मानसशास्त्रासह, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने संस्थांना कळवले. नोकरी करत मानसशास्त्राकडे वळलेल्या हजारो लोकांचा, विशेषतः लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या स्त्रियांचा, हाच मार्ग होता. तो बंद झाल्याचे मला वाईट वाटते. पण साडेनऊचा तो फोन आठवला की निर्णयामागचे कारणही समजते. दहा वर्षांपूर्वी मी दिलेला सल्ला आज देताच येणार नाही.

एकच नाव, दोन कागद

आता त्या माहितीपत्रकाकडे वळू. त्यातला अभ्यासक्रम एका मान्यताप्राप्त विद्यापीठाचा होता. खोटे काहीच नव्हते. पदवी खरी, विद्यापीठ खरे, 'क्लिनिकल' हा शब्दही अभ्यासक्रमाच्या नावात खरोखर होता. नव्हती ती आरसीआयची मान्यता. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असणे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने तुमची पदवी वैध ठरते. नेट परीक्षा, अध्यापन, संशोधन, शाळेतील समुपदेशन हे मार्ग तिने उघडतात. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी दुसरीशिवाय होत नाही.

सध्या गोंधळात आणखी भर पडली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. ही पदवीच बंद केली. पण क्लिनिकल सायकॉलॉजीचा परवाना तर एम.फिल.वर उभा होता! त्यामुळे क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोन विषयांच्या एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. मधल्या काळात आरसीआयने स्वतःचा नवा एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला. परिणामी 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' याच नावाची एक पदवी आरसीआयमान्य असू शकते आणि दुसरी नसू शकते. प्रमाणपत्रावर दोन्ही सारख्याच दिसतील. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. प्रवेश कार्यालयातील माणूस "मान्यता येणारच आहे" म्हणाला, तर आलेली नाही एवढेच त्यातून घ्यायचे.

गोव्यातला अनुभव

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की सगळा खेळ नोंदणीचा आहे. तसे नाही. या समजुतीला छेद देणारे महत्त्वाचे काम आपल्या शेजारीच, गोव्यात झाले आहे.

'संगथ' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. प्रश्न साधा होता : राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नाहीत. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ कुठून आणायचे? संगथने स्थानिक लोकांना निवडले. त्यांच्याकडे मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नव्हते. त्यांना नैराश्यावरची एक सुटसुटीत उपचारपद्धत शिकवली. माणूस खचला की तो रोजची कामे, भेटीगाठी, फिरणे सोडतो आणि त्यामुळे आणखी खचतो. तेव्हा ठरवून, छोट्या पायऱ्यांनी, त्या गोष्टी परत सुरू करायच्या, ही तिची मूळ कल्पना. सहा ते आठ बैठका, त्याही गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरी.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर याची शास्त्रीय चाचणी झाली. २०१६ च्या अखेरीस 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्याच्या पातळीखाली आले होते. ज्यांना केंद्रातील नेहमीची, थोडी सुधारलेली सेवाच मिळाली त्यांच्यात ३९ टक्के.

यावरून "म्हणजे पदवी लागतच नाही" असा निष्कर्ष काढाल, तर घाई होईल. हे समुपदेशक तयार कसे झाले ते पाहा. वर्गातले प्रशिक्षण सुमारे तीन आठवड्यांचे होते. त्यानंतर सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांबरोबर उमेदवारी. बैठकांचे ध्वनिमुद्रण होत असे. सहकाऱ्यांच्या गटात बसून ते ऐकायचे, ठरलेल्या मापाने गुण द्यायचे, कुठे चुकले ते बोलायचे, आणि वर तज्ज्ञांचे लक्ष. त्यांचे काम एका विकारापुरते, एका पद्धतीपुरते आखून दिलेले होते आणि गंभीर प्रकरण पुढे कुठे पाठवायचे हेही ठरलेले होते. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, देखरेख भरपूर होती. माझ्या विद्यार्थिनीचे नेमके उलट होते.

आमच्या कार्यशाळेत लेथवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलाच्या मागे प्रशिक्षक उभा असतो. चक घट्ट केला का, चावी काढली का, हे तो पाहतो. लेथवरचे प्रकरण परीक्षेत उत्तम लिहिले म्हणून आम्ही कुणाला एकट्याला यंत्र सुरू करू देत नाही. माणसाच्या मनाच्या बाबतीत मात्र आपण लेखी गुणांवर समाधान मानतो, याचे मला आजही नवल वाटते.

अभ्यासक्रम कसा वाचायचा

चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विषय साधारण सारखेच असतात : व्यक्तिमत्त्व आणि विकासाचे सिद्धान्त, मनोविकारांचे वर्गीकरण (यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ आणि अमेरिकी संघटनेची डीएसएम-५ या दोन पद्धती), मानसशास्त्रीय चाचण्या, बोधात्मक-वर्तन उपचारपद्धत, कार्ल रॉजर्सची व्यक्तिकेंद्री पद्धत, कुटुंब आणि गट समुपदेशन, संख्याशास्त्र, संशोधन आणि व्यवसायाची नीती. अभियांत्रिकीतून येणाऱ्यांना संख्याशास्त्र सोपे जाते. निबंधवजा उत्तरे लिहिणे जड जाते, असे माझे माजी विद्यार्थी सांगतात. नीतिशास्त्राचा भाग परीक्षेपुरता वाचू नका. गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे आणि जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद आहेत. अपवादाची ही रेषा कुठे आहे हे वर्गात उदाहरणांनी शिकवले जाते का, हे विचारा.

विषयांची यादी मात्र तुम्हाला फारसे सांगत नाही. प्रत्यक्ष कामाचे तास सांगतात. या बाबतीत अमेरिकेची पद्धत मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. 'क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंग' हे पदवीचे नाव तिथलेच. तिथे या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी कॅक्रेप नावाची संस्था आहे. तिच्या निकषानुसार पदवी ६० क्रेडिटची. आधी किमान १०० तासांचा सराव, त्यातले ४० तास प्रत्यक्ष सेवार्थींसमोर. नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात २४० तास प्रत्यक्ष. आणि या संपूर्ण काळात आठवड्याला ठरलेली सुपरव्हिजन. एवढे करूनही स्वतंत्रपणे काम करता येत नाही. राज्याची परीक्षा द्यायची आणि पदवीनंतर पुन्हा, बहुतेक राज्यांत काही हजार तास, देखरेखीखाली काढायचे; मग पूर्ण परवाना.

ही आकडेवारी हातात ठेवून कोणत्याही भारतीय विभागाला फोन करा आणि विचारा : दोन वर्षांत विद्यार्थी किती तास प्रत्यक्ष सेवार्थींसमोर बसतो? कुठे बसतो? त्याच्यावर देखरेख कोण करते आणि त्या व्यक्तीची स्वतःची नोंदणी काय आहे? 'इंटर्नशिप अनिवार्य' एवढे उत्तर पुरेसे नाही. अनेक ठिकाणी इंटर्नशिप म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः शोधायची, आणि एखाद्या दवाखान्याच्या बाकावर बसून पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आणायचे. काही ठिकाणी तर त्यासाठी विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेतात.

अमेरिकेलाच जाण्याचा विचार असेल, तर एक हिशेब आधी मांडा. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची परवानगी साधारण १२ महिन्यांची मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळणारी जादा मुदत समुपदेशनाच्या पदवीला सहसा लागू होत नाही, आणि परवान्याचे तास बहुधा दोन वर्षे किंवा जास्त खातात. संगणकशास्त्रात गेलेल्या मावसभावाचा अनुभव इथे कामाचा नाही. परत यायचे ठरले, तर तिथल्या पदवीमुळे इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आपोआप नोंदणी होत नाही, हेही लक्षात घ्या. कर्ज काढून जाणार असाल, तर हे घरच्यांनाही समजावून सांगा.

दुसऱ्या शाखेतून येताना

बी.ई., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. केलेल्यांना मानसशास्त्राच्या एम.ए.ला येता येते का? येते, आणि पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार, पदवीचा विषय कोणताही असला तरी त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास प्रवेश देता येतो. प्रत्येक विद्यापीठाने आपले नियम अजून बदललेले नाहीत, म्हणून प्रवेशपुस्तिका पाहणे आलेच. सीयूईटी-पीजीमध्ये मानसशास्त्राचा पेपर आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, पुण्याचे विद्यापीठ ही मराठी विद्यार्थ्यांना ओळखीची ठिकाणे. आरसीआयच्या मार्गाने जायचे तर बंगळूरची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोविकार संस्था, तेजपूर, दिल्लीची इहबास, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही नावे ऐकायला मिळतील. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी. काही सरकारी संस्थांत विद्यावेतन मिळते, हा या मार्गाचा न बोलला जाणारा फायदा.

म्हैसूरचे सांगायचे, तर इथल्या विद्यापीठातला मानसशास्त्र विभाग १९२४ चा, म्हणजे देशातल्या अगदी जुन्यांपैकी. तो उभा करणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला स्पिअरमन यांच्याकडे शिकून आले होते. हेच गृहस्थ १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून नभोवाणी केंद्र चालवू लागले आणि त्या केंद्राचे नाव होते 'आकाशवाणी'. पुढे सगळ्या देशाच्या रेडिओला तेच नाव मिळाले. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला लोकांच्या घरात बोलते माध्यम असावे असे वाटले, यात मला तरी नवल वाटत नाही.

भाषा

हा मुद्दा माहितीपत्रकांत कुठेच नसतो. शिक्षण इंग्रजीत होते. दुःख माणूस आपल्या भाषेत सांगतो. 'अँग्झायटी' हा शब्द माझ्या वर्गातली मुले सहज वापरतात, पण त्यांची आई "जीव घाबरा होतो", "छातीत धडधडतं", "कशात मन लागत नाही" असे म्हणते. म्हैसूरमध्ये राहून निमशहरी भागात काम करायचे तर कन्नड अडखळत बोलून चालत नाही. सोळा वर्षांनंतरही माझी कन्नड भाजीबाजार आणि वर्ग यांच्यापुरतीच आहे. त्या भाषेत मी कुणाचे रडणे समजून घेऊ शकेन असे मला वाटत नाही. तुम्ही ज्या गावात, ज्या भाषेत काम करणार, तिथेच प्रशिक्षणाचे काही तास मिळतील का, हे पाहा. सोलापूरच्या मुलीने दिल्लीत शिकून सोलापुरात परतायचे असेल, तर सुट्टीत मराठी केंद्रात बसणे तिच्या उपयोगाचे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मराठीत किती बारकाईने बोलता येते हे दाखवले आहे.

काम कुठे

नोकऱ्या आहेत का, हा पालकांचा प्रश्न. आहेत, पण पगार पहिली काही वर्षे बेताचाच असतो. सॉफ्टवेअरशी तुलना करू नका. शाळा, एचआयव्ही चाचणी केंद्रे, कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रे, स्वयंसेवी संस्था ही जुनी ठिकाणे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तिथेही प्रशिक्षित समुपदेशक लागतात. (हा क्रमांक आजच मोबाईलमध्ये जतन करा, तुमच्यासाठी किंवा खोलीतल्या मित्रासाठी. सेवा मोफत आणि मराठीसह अनेक भाषांत आहे.) जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, अशी त्यात एक सूचना आहे. ती प्रामाणिकपणे पाळली गेली तर मागणी बरीच वाढेल. कागदोपत्री पाळली गेली तर आमच्यासारख्या एखाद्या प्राध्यापकाच्या दारावर 'समुपदेशक' ही पाटी चढेल. तसे होऊ नये. मी विद्यार्थ्यांचा मेंटॉर आहे, त्यांना गुणही मीच देतो. ज्याच्या हातात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत त्याच्यापुढे मूल काय मन मोकळे करणार?

त्या विद्यार्थिनीसोबत मी माहितीपत्रकावरच्या क्रमांकावर फोन केला. आरसीआयच्या यादीत तो अभ्यासक्रम नव्हता, हे आम्ही आधीच पाहिले होते. पलीकडच्या बाईंनी तेही सरळ मान्य केले आणि विभागातल्या प्राध्यापिकेशी जोडून दिले. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसतात, नोंदणीकृत पर्यवेक्षक आहेत, पण तासांची अधिकृत नोंद विद्यापीठ ठेवत नाही, असे त्या म्हणाल्या. मुलीने वहीत सगळे लिहून घेतले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच व्हायचे आहे का, की शाळेत किंवा महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करायचे आहे, यावर ती आठवडाभर विचार करत होती. शेवटी तिने कंपनीची नोकरी एका वर्षासाठी घेतली, शिक्षणासाठी पैसे साठवायला. आरसीआयमान्य तीन संस्थांची यादी तिने केली आहे आणि प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू आहे. शनिवारी सकाळी ती एका संस्थेच्या हेल्पलाइनवर प्रशिक्षणार्थी म्हणून बसते. पहिले दोन महिने तिला फोन उचलू दिला नाही. शेजारी बसून नुसते ऐकायचे, असा तिथला नियम आहे.